उर्दूतील ‘लाट साहब’

जुन्या उर्दू गद्यात ‘बड़े लाट’, ‘छोटे लाट’ आणि ‘जंगी लाट’ असे उल्लेख वारंवार येतात. हा ‘लाट’ नेमका कोण, आणि मराठीत त्याच्यासाठी सरळ ‘लॉर्ड’ लिहून चालेल का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

शब्द इंग्रजी ‘लॉर्ड’वरूनच आला आहे, यात शंका नाही. इंग्रजांच्या तोंडचा ‘र’ जवळजवळ ऐकू येत नसे आणि शेवटचा ‘ड’ हिंदुस्थानी बोलीत ‘ट’ झाला. मात्र उर्दू भाषकांनी उच्चाराबरोबर अर्थही बदलून घेतला, म्हणून ‘लॉर्ड’ लिहून काम भागत नाही. इंग्लंडात ‘लॉर्ड’ ही सरदारकीची पदवी आहे, तर उर्दूत ‘लाट’ हा अधिकाराचा हुद्दा झाला. सर जॉन लॉरेन्स १८६४ ते १८६९ या काळात व्हाइसरॉय होते आणि त्यांना सरदारकी मिळाली ती कारकीर्द संपल्यावर. तरी पदावर असलेला व्हाइसरॉय, मग तो लॉर्ड असो वा नसो, लोकांच्या लेखी ‘बड़े लाट’च असे. प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर तो ‘छोटे लाट’. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात गव्हर्नर जनरलसाठी ‘मुल्की लाट’, सरसेनापतीसाठी ‘जंगी लाट’ आणि बिशपसाठी ‘लाट पादरी साहब’ अशी रूपे नोंदलेली आहेत. म्हणजे ‘लाट’ हा शब्द ‘सर्वांत वरचा साहेब’ एवढाच अर्थ सांगतो आणि कोणत्या खात्याचा ते त्याला जोडलेले विशेषण ठरवते. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण परक्या शब्दाला अरबी-फारसी वळणाची विशेषणे जोडून लोकांनी राज्यकारभाराची उतरंड आपल्या भाषेत मांडली.

वाचताना घोटाळा होतो तो दुसऱ्या एका ‘लाट’मुळे. दिल्लीत ‘फ़ीरोज़ शाह की लाट’ म्हणतात ती फिरोजशाह कोटल्यात उभी असलेली अशोकाची स्तंभशिला. हा शब्द देशी असून त्याचे नाते ‘लाठी’शी आहे. दोन्हींचे लेखन एकच असले तरी लिंग वेगळे आहे: स्तंभ ‘की लाट’ असा स्त्रीलिंगी येतो, तर साहेब ‘लाट साहब आए’ असा आदरार्थी पुल्लिंगी येतो. लिलावातील मालाच्या ढिगालाही ‘लाट’ म्हणतात, पण तो इंग्रजी ‘लॉट’ आहे आणि संदर्भावरून लगेच ओळखू येतो. उर्दू लिपी नव्याने शिकणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ‘लाट’मधील ‘ट’च्या अक्षरावर ‘तोय’ (ط) या उर्दू अक्षरासारखी लहानशी खूण असते, तिच्या जागी दोन टिंबे असतील तर शब्द ‘लात’ होतो, म्हणजे आपली लाथ.

खरोखरीची पदवी सांगायची असेल तेव्हा आजचे उर्दू लेखक ‘लार्ड’ असेच लिहितात, जसे ‘लार्ड माउंटबैटन’. ‘लाट साहब’ बोलीत उरला आहे तो तोऱ्यात वागणाऱ्या माणसासाठी: ‘बड़ा लाट साहब बना फिरता है’. मराठीतही आपण ‘तू कोण लाटसाहेब लागून गेलास?’ असे विचारतोच. उत्तर प्रदेशातील शाहजहाँपूर येथे होळीला एका माणसाला ‘लाट साहब’ बनवून म्हैसगाडीवरून मिरवतात आणि त्याच्यावर जोड्यांचा मारा करतात. सत्तेच्या या शब्दात लोकांचा रोष किती मुरला आहे, हे तिथे दिसते.

अनुवादापुरते सांगायचे तर पात्रांच्या तोंडी ‘लाटसाहेब’ तसाच ठेवावा, कारण तो मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. निवेदनात मात्र हुद्दा स्पष्ट करावा: ‘बड़े लाट’ला काळानुसार गव्हर्नर जनरल किंवा व्हाइसरॉय, ‘छोटे लाट’ला लेफ्टनंट गव्हर्नर आणि ‘जंगी लाट’ला सरसेनापती.