माळवद उतरवलं आणि हिशोब बिघडला

(जुनं घर घ्यायचं, नीट करायचं, भाड्यानं द्यायचं किंवा विकायचं, असं करणाऱ्यांचेच प्रश्न यावेळी जास्त आलेत, म्हणून तेच घेतले.)

प्रश्न : सर, सोलापुरात साखर पेठेत गुंतवणूक म्हणून जुनं घर घेतलं. खाली पूर्वी माग होते, वर माळवद (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत). माळवद काढून स्लॅब टाकायचा आणि खाली दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या असा प्लॅन होता. ठेकेदारानं ६ लाख सांगितले होते, आतापर्यंत ८ लाख गेले आणि अजून सेंट्रिंगसुद्धा (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) लागलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, घर जुनं आहे, मी काय करू. फसवलं का ओ आम्हाला?

उत्तर : फसवलं असं लगेच म्हणू नका. त्यानं घर नुसतं फिरून बघून आकडा सांगितला आणि तुम्ही मान डोलावली, चूक अर्धी अर्धी. आधी मला हे सांगा, माती वाहून न्यायचे पैसे त्या ६ लाखात होते का? नसणार, कुणीच धरत नाही. समजा माळवद ६०० स्क्वेअर फूट आहे आणि थर फूटभर (दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची पद्धत, पिढ्या गेल्या की फूटभर सहज होतो), तर झाले ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). पण ही दाबून बसलेली माती, खणली की फुगते, तेव्हा ७-८ ब्रास धरून चाला. आता पेठेतल्या बोळात ट्रॅक्टर शिरत नाही, मग घमेली डोक्यावरून कोपऱ्यापर्यंत न्यायची, तिथून ट्रॉली, म्हणजे ट्रॉलीच्या भाड्यापेक्षा मजुरीच जास्त. तुमच्या वरच्या २ लाखातला बराचसा पैसा इथंच गेला असेल बघा.

दुसरी गोष्ट भिंतीची. दोन फुटी दगडी भिंत बघितली की लोकांना वाटतं किल्ला आहे, याला काय होतंय. पण ती मातीत रचलेली असते, आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसले की मधली भर खाली बसते आणि भिंत पोट काढते. गंमत म्हणजे स्लॅबचं वजन हा मुद्दाच नाही. फूटभर मातीचं माळवद स्क्वेअर फुटाला ४५-५० किलो भरतं, पाच इंची स्लॅब भरतो २९-३० किलो, त्यावर चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकला की अजून १८-२०, म्हणजे बरोबरी झाली. अडचण भिंतीच्या माथ्यावर असते. तुळया काढल्या की तिथल्या खोबणी उघड्या पडतात, दगड सैल होतात, आणि त्यावर थेट स्लॅब टेकवला तर भिंत कुठं ना कुठं फाटणारच. माथा उतरवून घ्या, वर चारी बाजूंनी आरसीसीचा पट्टा फिरवा, मग स्लॅब. या पट्ट्याचे पैसेही तुमच्या अंदाजात नसणार.

आणि शेजारची भिंत सामाईक आहे का ते बघितलंय का? पेठेत बहुतेक असते, तुमच्या तुळया आणि त्यांच्या तुळया एकाच भिंतीत. तुम्ही तिकडं हात लावला, त्यांच्या घरात माती पडली की काम बंद, मग महिनाभर चहा-पाणी आणि भांडण. आधीच बसून कागदावर लिहून घ्यायचं, दोन्हीकडचे फोटो काढून ठेवायचे.

खालच्या खोल्यांचंही सांगतो. यंत्रमाग असतील तर जमिनीत तेल मुरलेलं असणार, त्यावर टाइल धरत नाही, वरचा थर फोडूनच काढावा लागतो. आणि त्याआधी कधी हातमाग असतील तर खड्डामागाचे (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो माग) खड्डे कसेतरी चिंध्या-राडारोडा टाकून बुजवलेले असतात, नवीन फरशी तिथंच खचते, भाडेकरू आल्यावर सहा महिन्यांनी. टाइल निवडायच्या आधी पहारीनं जमीन ठोकून घ्या, पोकळ आवाज लगेच कळतो.

आता पुढं काय? उक्तं काम (सगळ्याचा मिळून एकच आकडा ठरवलेलं) बंद करा. राहिलेल्या कामाला मोजमापावर दर ठरवा, स्लॅब इतका, प्लास्टर इतकं. स्लॅबआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंती दाखवा आणि महापालिकेची परवानगी राहिली असेल तर तीही बघा. आणि हो, उतरवलेल्या सागवानी तुळया कुठं गेल्या? जुन्या सागवानाला चांगला भाव येतो, लाकूड कुणाचं हे ठरवलं नव्हतं तर ठेकेदारानं ते आपलंच समजलेलं असतं. तो हिशोब आजच विचारा.

प्रश्न : जुळे सोलापुरात रो हाऊस घेऊन भाड्यानं दिलंय. दर उन्हाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. दोनदा पुट्टी मारून रंग दिला, परत तेच. भाडेकरू बाई म्हणतात घर पडेल.

उत्तर : पुट्टीवाल्याला तिसऱ्यांदा बोलवू नका. उन्हाळ्यात भेग रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते असं असेल तर काळ्या मातीवर संशय घ्या, ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून शेजारी तारीख लिहा. ठिपका तडकला तर भेग अजून हलतेय, रंगाचा विचार सोडा.

मग हौद तपासा. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळं घरोघरी जमिनीत हौद, आणि तो गळत असला तर एका बाजूची माती कायम ओली आणि दुसरीकडची भेगाळलेली, मग घर मुरगळतं. रात्री हौद भरा, नळ आणि मोटर बंद, पाण्याच्या रेषेवर कोळशानं खूण करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. बोटभर उतरलं तर गळती आहे. ती बंद करा, पायाच्या बाजूनं तीन-चार फूट रुंद कोबा बाहेरच्या उताराचा करून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी पायापाशी मुरणार नाही. भिंतीला लागून झाड असेल तर त्याचाही विचार करा. एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या, पुट्टी मग. ठिपके तरीही तडकत राहिले किंवा भेगेत बोट जायला लागलं तर मात्र इंजिनिअर, उशीर न करता. तोवर भाडेकरूला ठिपके दाखवा, समोर दिसलं की धीर येतो.

प्रश्न : दुरुस्तीचा सगळा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो ना? माझे या वर्षी दीड लाख गेलेत.

उत्तर : नाही होत, ताई. भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के, बास. वर्षाचं भाडं ९६ हजार, कर ६ हजार, राहिले ९० हजार, त्याचे ३० टक्के म्हणजे २७ हजार. दुरुस्तीला पाच हजार गेले काय आणि दीड लाख गेले काय, आकडा तोच. घरासाठी कर्ज असेल तर त्याच्या व्याजाची वजावट वेगळी. मात्र नवा स्लॅब, वाढीव खोली असली मोठी कामं असतील तर घर विकताना नफा काढताना तो खर्च धरता येतो. रंगरंगोटी, नळ बदलणं यात येत नाही. दीड लाखाची बिलं दोन फायलींत वेगळी करा, आणि ठेकेदाराला रोख दिले असतील तर निदान सही केलेली पावती आत्ताच घ्या, काम संपल्यावर तो फोन उचलत नाही.