जर्मनीत नोकरी हवी असेल, तर पायथन, गो की रस्ट?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: पदवी बीकॉमची, चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग, क्लासमध्ये शिकलेलं थोडंफार जावा, दीड वर्षात जर्मनीत नोकरी हवी आणि अभ्यासाला आठवड्याचे दहा तास. विचारलंय, प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथन शिकू, गो शिकू की रस्ट? माझं उत्तर या तिन्हींपैकी एकही नाही. जावाच पक्कं करा.

इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, बँका, विमा कंपन्या, सरकारी खात्यांची कामं करणाऱ्या कंपन्या यांचा बराचसा बॅकएंड (पडद्यामागे सर्व्हरवर चालणारा कोड) जावात आहे. तो कोड वर्षानुवर्षं साचलेला आहे, फेकून देता येत नाही. सांभाळायला आणि वाढवायला माणसं लागतच राहतात.

माझ्या शब्दावर मात्र थांबू नका. दोन शनिवार काढून पन्नास जाहिराती स्वतः वाचा: स्टेपस्टोन, लिंक्डइन आणि इथल्या सरकारी रोजगार खात्याचं पोर्टल. तक्त्यात भाषा, फ्रेमवर्क (त्या भाषेतला तयार सांगाडा), मागितलेला अनुभव, जर्मनची पातळी आणि शहर लिहा. नुसते सर्चचे आकडे मोजलेत तर फसाल, कारण ‘जावा’ टाकलं की जावास्क्रिप्टच्या जाहिरातीही येतात. एकच जागा तीन रिक्रूटर टाकतात, ती एकदाच धरा. ‘वेर्कश्टुडंट’ असलेल्या सोडा, त्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आणि ‘डेव्हलपर’बरोबर ‘एंटविकलर’ हा जर्मन शब्दही शोधा, नाहीतर निम्मा बाजार दिसणारच नाही.

बाकीच्या भाषांचं सांगतो. गो उत्तम भाषा आहे, डॉकर आणि कुबरनेटीस ही सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालवायची साधनं त्यातच लिहिलीत, पण गोच्या जागांवर बहुधा दुसऱ्या भाषेत मुरलेली माणसं घेतात. रस्टचं तेच, शिवाय जागा मोजक्या. पायथन हाताशी असावं, पण डेटा सायन्सच्या जागांना मास्टर्सवाल्यांची गर्दी असते. सी प्लस प्लस म्हणजे श्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्गचा मोटार उद्योग. हार्डवेअरची ओढ असेल तरच तिकडे जा. यंत्रं बनवणाऱ्या मध्यम कंपन्यांत सी शार्प भरपूर चालतं. ते आधीपासून येत असतं तर तेच करा म्हणालो असतो.

आता अभ्यास. पहिले चार-पाच महिने फक्त भाषा: कलेक्शन्स, इक्वल्स आणि हॅशकोड, एक्सेप्शन, जेनेरिक्स, स्ट्रीम्स, थ्रेड. जावा 21 घ्या, ती दीर्घ सपोर्टची आवृत्ती आहे. पुढचे चार महिने पोस्टग्रेस (डेटाबेस), स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), जेपीए (जावातून डेटाबेस वापरायची पद्धत), जेयुनिट (टेस्ट लिहायचं साधन). मग डॉकर आणि एकच प्रोजेक्ट, पण टेस्टसकट आणि दुसऱ्याला चालवता येईल असा. पाच अर्धवट प्रोजेक्टपेक्षा तो जास्त बोलतो.

लोक अडकतात त्या दोन-तीन जागा आधीच सांगून ठेवतो. स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर 2022 मध्ये आली. तिला किमान जावा 17 लागतं आणि तिच्यात ‘जावाएक्स’ने सुरू होणारी बरीच पॅकेजेस ‘जकार्ता’ झाली. जुना व्हिडिओ बघून टाइप केलेला कोड म्हणूनच ‘पॅकेज सापडत नाही’ म्हणून पडतो. चूक तुमची नसते, व्हिडिओची तारीख बघा.

दुसरी गोष्ट टेस्टर म्हणून तुम्हाला लगेच पटेल. दोन ‘इंटिजर’ (पूर्णांक) ऑब्जेक्ट डबल इक्वलने (==) ताडले, तर 127 आणि 127 सारखे येतात, 128 आणि 128 वेगळे. कारण −128 ते 127 पर्यंतची ऑब्जेक्ट्स जावा तयार ठेवतं आणि तीच पुन्हा देतं. त्यापुढे सहसा दर वेळी नवं ऑब्जेक्ट, आणि डबल इक्वल किंमत बघत नाही, ऑब्जेक्ट तेच आहे का ते बघतं. लहान आकड्यांच्या टेस्ट हिरव्या होतात आणि ग्राहकाकडे हिशेब चुकतो. तिथे इक्वल्स वापरायचं.

तिसरी जेपीएची. 100 ऑर्डर आणल्या आणि लूपमध्ये प्रत्येकीच्या वस्तू मागितल्या, की डेटाबेसकडे एका क्वेरीऐवजी (मागणीऐवजी) 101 जातात. एसक्यूएल लॉग चालू करून हे एकदा डोळ्यांनी पाहा, मग जॉइन फेच (ऑर्डर आणि वस्तू एकाच क्वेरीत आणणं) लावून पुन्हा पाहा. इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास निघतो, आणि लॉग पाहिलेल्या माणसाचं उत्तर लगेच ओळखू येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण भाषेची निवड व्हिसाशीही जोडलेली आहे. नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना पदवीशिवायही ब्लू कार्ड (कुशल कामगारांचा राहण्या-काम करण्याचा परवाना) मिळू शकतं. अट अशी की गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीच्या पातळीचा, त्या नोकरीला लागणारा अनुभव हवा. पगाराची किमान मर्यादाही असते. 2025 साठी या गटाला ती वर्षाला 43,759.80 युरो होती आणि दर वर्षी बदलते. अनुभवपत्रात नुसतं ‘टेस्टिंग केलं’ असेल तर त्यातून ती पातळी दिसत नाही. म्हणून आहे त्याच कंपनीत आत्ताच ऑटोमेशनचं, म्हणजे टेस्ट कोड लिहून आपोआप चालवण्याचं, काम मागून घ्या: जावा आणि त्यासाठीची साधनं सेलेनियम, रेस्ट ॲश्युअर्ड. घरी केलेला अभ्यास अनुभवपत्रात येत नाही, ऑफिसात लिहिलेला कोड येतो. रस्ट शिकायला बसलात तर घरचा अभ्यास आणि ऑफिसचं काम एकमेकांपासून तुटतात.

जावाची एक किंमत मात्र मोजावी लागते: बँका आणि विमा कंपन्यांत बैठका जर्मनमध्ये होतात आणि जाहिरातीत जर्मनची बी 2 (ए 1 ही सुरुवातीची पातळी, मग ए 2, बी 1, बी 2) किंवा त्याहून वरची पातळी मागतात. बर्लिनमधल्या बऱ्याच कंपन्या इंग्रजीवर चालतात, पण तिथे जगभरातून अर्ज येतात. तेव्हा दहातले तीन तास पहिल्या आठवड्यापासून जर्मनला द्या. ब्लू कार्डावर कायम वास्तव्याचा परवाना ए 1 वर 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी 1 असेल तर 21 महिन्यांनी.

अनुभवपत्र नोकरी सोडतानाच घ्या. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, आणि कोणती प्रणाली, कोणती साधनं, काय जबाबदारी हे चार-पाच ओळींत हवं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मजकूर तुम्हीच लिहून एचआरला द्या. त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात कामाचं वर्णन सहसा नसतंच.