शेजारच्या फ्लॅटमधील भाडेकरूंच्या गोंगाटाची तक्रार कोणाकडे करावी?

आपल्या सोसायटीत शेजारचा फ्लॅट भाड्याने दिलेला असून तेथे रात्री दोनपर्यंत स्पीकर वाजतो, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी भाडेकरूशी दारात हुज्जत घालण्यापेक्षा फ्लॅटमालकाला गाठणे अधिक परिणामकारक ठरते, कारण सोसायटीचा सभासद तो असतो आणि समितीची नोटीसही त्याच्याच नावे निघते. प्रत्येक प्रसंगाची तारीख व वेळ वहीत टिपावी आणि लेखी अर्जाची पोच घ्यावी (तोंडी तक्रार सेक्रेटरी चहाबरोबर विसरतात). ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. त्यामुळे भिंतीवरची फ्रेम थरथरू लागली की त्याच क्षणी ११२ वर फोन करावा, सकाळी नव्हे.