जानेवारीत गोथेनबर्गला येताय, तर आकाशकंदील आणा

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून जानेवारीत स्वीडनमधल्या गोथेनबर्गला येताय, सोबत पाच वर्षांची मुलगी आहे, तर थंडीचे कपडे तिकडून आणावेत का, अंधाराचा खरंच त्रास होतो का आणि एकटेपणा जाणवतो का. कपडे इथेच घ्या. व्हिसा, घर, विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली आहे, ती मी पुन्हा लिहीत नाही. अंधाराबद्दल मात्र लिहिते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये.

जानेवारीच्या सुरुवातीला इथे नऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी सांगत नाही ते वेगळंच. डिसेंबर इथे मुळीच काळा नसतो. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारपासून जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदी चांदणी लटकते, नाहीतर सात दिव्यांची कमान उभी राहते. सुपरमार्केटमध्ये हायसिंथच्या फुलांच्या कुंड्यांचा घमघमाट असतो. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुड्यांत, गल्ल्यापाशी, मागून घ्यावं लागतं. त्याचे पिवळेधमक पाव घरोघरी भाजले जातात. आणि मग १३ जानेवारीला, नाताळपासूनच्या विसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे हे सगळं उतरवतात. दोन-चार दिवसांत रस्ताच्या रस्ता विझतो. तुम्ही साधारण त्याच सुमारास उतरणार आहात. आम्हीही तसेच उतरलो होतो. मला वाटलं, हे शहर असंच असतं.

म्हणून सांगते, सामानात घडीचा आकाशकंदील टाका. दिवाळी होऊन गेली तरी टाका. त्याच्यासोबतची वायर आणू नका, कारण आपला बल्ब पिनचा, इथला आट्यांचा, आणि प्लगही बसेलच असं नाही. नाताळनंतरच्या सेलमध्ये चांदणीची होल्डर लावलेली वायर स्वस्तात मिळते, तीच आपल्या कंदिलात उतरवा. बल्ब एलईडीच घ्या, कागद तापत नाही. आणि खिडकीचा पडदा उघडा ठेवा. पहिल्या वर्षी मी तीन वाजताच पडदे ओढून घ्यायचे, बाहेरचं दिसू नये म्हणून. खिडकीत दिवा ठेवायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दिसावा म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. आता आमचा कंदील दिवाळीला चढतो तो फेब्रुवारीअखेर उतरतो. सासूबाई फोनवर म्हणतात, तुळशीचं लग्न झालं की उतरवावा. मी ऐकत नाही.

जानेवारीतच ट्यूलिप येतात. दुकानात दाराशीच बादल्यांत जुड्या उभ्या असतात. त्या महिन्यात भाजीत काटकसर करा, पण दर आठवड्याला एक जुडी घ्या, लाल किंवा केशरी. कोट काळा घेऊ नका. ट्राममध्ये सगळेच काळ्यात असतात. आणि एखाद्या शनिवारी स्टेशनाजवळच्या बागेतल्या पामहाउसमध्ये जा, उघडं आहे ना ते आधी बघून. १८७८ सालचं काचघर आहे. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो, जूनमधल्या कोकणासारखा. फेब्रुवारीच्या सुमारास तिथल्या कॅमेलिया फुलायला लागतात.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिले काही महिने माझ्याकडे व्यक्तिक्रमांक, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, आणि त्याशिवाय इथे बँकेत खातं सहजी निघत नाही, फोनचं कंत्राट होणंही अवघड. पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाहनोंदणीच्या दाखल्यावर सासरचं. एका कार्यालयाने कागद तीनदा परत पाठवला, दर वेळी वेगळ्या कारणाने. त्या पत्रांचा राग अजून गेलेला नाही. तुमची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का, ते निघण्यापूर्वी बघा. एकटेपणाबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

मुलीबद्दल लिहायचंय. आमची लेक पाच वर्षांची असताना बालवाडीत लुसिया या इथल्या दिव्यांच्या सणाची मिरवणूक होती. १३ डिसेंबरला पहाटेच्या अंधारात मुलं पांढरे झगे घालून, हातात दिवे धरून गात येतात. मला तेव्हा स्वीडिश जेमतेम यायचं. निरोपातलं 'सण' आणि 'कपडे' एवढंच कळलं. मी तिला आजीने शिवलेलं हळदी रंगाचं परकर-पोलकं घातलं, जांभळ्या काठाचं. दारातून आत गेलो तर सगळी पांढरी रांग आणि मध्ये ही. ती खूश होती, गिरकी घेऊन दाखवत होती. कुणी काही बोललं नाही. शिक्षिका तर म्हणाल्या, किती सुंदर. पण मीच घाबरले. कोपऱ्यात नेऊन मी तिच्यावर बालवाडीतला जादा पांढरा झगा चढवला. तो तिला पावलांपर्यंत आला. ती रडली नाही, फक्त गिरक्या घ्यायची थांबली. आईला पाठवायच्या फोटोत मी तिला पुढे उभं केलंच नाही.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा तिच्याकडे रात्रीचे आठ वाजले होते, इथे साडेतीन. दोन्हीकडे दिवे लागलेले. तिने विचारलं, पोलकं कसं दिसलं? मी म्हटलं, सगळ्यांना फार आवडलं. ते खरंही होतं, आणि म्हणूनच मला आजतागायत तिला पुढचं सांगता आलेलं नाही.

लेक आता दहाची आहे. गेल्या वर्षी शाळेत मराठीचा तास मिळावा म्हणून अर्ज केला, तर पाच मुलं लागतात, आम्ही चार जमलो. पाचव्या घराने हिंदी निवडली. ते मला लागलंय, खोटं कशाला बोलू. तिच्या वर्गात मराठीतला एकही शब्द कुणाला ऐकू येत नाही, आणि ज्या एका सकाळी मराठी रंग सगळ्यांना दिसणार होता, तो मी माझ्या हाताने झाकला.

म्हणून तुमच्या मुलीला जे घालायचंय ते घालू द्या, थंडीच्या अंगभर ओव्हरऑलच्या आत का होईना. जानेवारी संपता संपता दिवस रोज चार-चार मिनिटांनी वाढतो. तिला खिडकीशी उभं करून दाखवा, मुलांना ते कळतं. आणि ते परकर-पोलकं माझ्या कपाटात आहे. बाहीवर केशराचा एक डाग आहे, बाकी नवंच आहे, एकदाच घातलेलं. पाच वर्षांच्या मुलीला बरोबर होईल. आलात की घेऊन जा.