फुकेतला स्कूटर भाड्याने घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की जालन्याहून आम्ही नवरा-बायको दिवाळीच्या सुट्टीत थायलंडमधल्या फुकेत आणि क्राबीला चाललोय, हॉटेलवाला दिवसाला अडीचशे बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) स्कूटर देतो म्हणतोय, कॉलेजपासून दुचाकी चालवतोय, मग घ्यायला काय हरकत आहे?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. फुकेतला घेऊ नका. क्राबीला आओ नांगच्या किनाऱ्यालगत, दिवसाउजेडी, पाऊस नसताना आणि खाली सांगतो ते कागद पूर्ण असतील तरच घ्या. मी लातुरात विम्याचं काम करतो. परदेश प्रवासाच्या क्लेमच्या फायली माझ्या टेबलावर येतात आणि त्या भागात मी स्वतः फिरलोही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकच्या मागून वाट काढत गाडी चालवणाऱ्या माणसाला क्लच-ब्रेक शिकवायला मी बसलेलो नाही. पण फायली बघून माझं एक मत पक्कं झालंय. तिथं पडल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट नुकसान पडल्यानंतर कागद बघितले जातात तेव्हा होतं. दुकानदार चावी देताना काही विचारत नाही. परवाना नसला तरी देतो, कारण त्याला भाडं हवंय. त्यामुळे आपल्याला वाटतं की चालतंय. ते चालत नसतं, फक्त तोपर्यंत कुणी विचारलेलं नसतं.

तुमचं लायसन आत्ता खिशातून काढा आणि त्यावर कोणते प्रकार लिहिलेत ते बघा. आपल्याकडं कितीतरी लोकांनी ड्रायव्हिंग स्कूलमधून कारचं लायसन काढलेलं असतं, त्यावर नुसतं 'एलएमव्ही' म्हणजे हलकं चारचाकी वाहन एवढंच असतं, आणि दुचाकी मात्र आठवी-नववीपासून चालवत असतात. गावात कुणी अडवत नाही, म्हणून पंधरा-वीस वर्षं ही गोष्ट लक्षातच येत नाही. दुचाकीचा प्रकार लायसनवर नसेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावरही येणार नाही. त्या परवान्यात 'ए' म्हणजे मोटारसायकल आणि 'बी' म्हणजे कार. तुमच्या परवान्यात 'ए' हवा. नुसता 'बी' असेल तर स्कूटरच्या बाबतीत तो परवाना असून नसल्यासारखा.

हा परवाना आपल्या आरटीओतच मिळतो. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म 4ए, फी 1000 रुपये, सोबत पासपोर्ट, व्हिसा लागत असेल तर तो आणि तिकिटाची प्रत. मुदत एक वर्ष. त्यासाठी लायसन चालू हवं आणि त्यावरचा पत्ता तुमच्या आरटीओच्या हद्दीतला हवा. पत्ता जुना असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो आणि त्यात दिवस जातात, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात धावपळ करू नका. 'आंतरराष्ट्रीय लायसन घरपोच' म्हणून डॉलरमध्ये पुस्तिका विकणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि मूळ लायसनचं कार्ड सोबत ठेवा. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्या पोलिसांसाठी आहे, फुकेतच्या हवालदाराला त्याचा उपयोग नाही.

पुढं कधी व्हिएतनामला जाणार असाल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. भारतात मिळणारा परवाना 1949 च्या जिनिव्हा करारावर आधारलेला आहे आणि व्हिएतनाम फक्त 1968 च्या व्हिएन्ना करारात आहे. म्हणजे लातूर किंवा जालन्याच्या आरटीओतून रीतसर परवाना काढून नेला तरी तिथं तो धरला जात नाही. शिवाय तिथली वाहतूक उजवीकडून चालते, आणि 2020 पासून दारूच्या बाबतीत मर्यादा थेट शून्य आहे, एक बिअरसुद्धा चालत नाही. थायलंड, बाली, श्रीलंका इथं वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढी एक सोय.

आता विमा. औशाकडचे एक जण गटासोबत फुकेतला गेले होते. टूरवाल्याने पॅकेजमध्येच प्रवास विमा दिला होता. पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर चाक घसरलं आणि कॉलरबोन मोडलं. वेग फार नव्हता. खासगी दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले, मित्रांनी मिळून सगळ्यांची कार्डं घासली आणि ऑपरेशन झालं. गावी आल्यावर क्लेमसाठी ते माझ्याकडे आले. फाईल नीट होती, बिलं, एक्स-रे, डिस्चार्जचा कागद, पोलिसांची नोंद, सगळं क्रमाने लावलेलं. कंपनीने एवढंच विचारलं की लायसनच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि आंतरराष्ट्रीय परवाना पाठवा. लायसनवर फक्त एलएमव्ही. परवाना काढलेलाच नव्हता. पंधरवड्यात पत्र आलं, दावा नामंजूर, कारण एका ओळीचं: त्या वाहनासाठी वैध परवाना नव्हता. ते पत्र वाचून दाखवताना त्यांची बायको समोर बसली होती. सोयाबीनच्या पैशावर ट्रिप केलेली माणसं. मी पॉलिसी तीनदा वाचली, कुठं दार उघडं सापडतंय का बघितलं, नाही सापडलं.

म्हणून पॉलिसी घेताना 'वैद्यकीय खर्च पन्नास हजार डॉलर' हा मोठ्या अक्षरातला आकडा बघून थांबू नका. अपवादांचं पान उघडा. दुचाकीवरचा अपघात धरलाय का? इंजिनला सीसीची मर्यादा घातली आहे का? काही पॉलिसींत ती असते, आणि तिथल्या दुकानांत एकशेपन्नासच्या वरच्या गाड्या सर्रास मिळतात. हेल्मेटची अट आहे का, मागे बसणाऱ्यालाही ती लागू आहे का? रक्तात दारू सापडली तर दावा जातो, हे जवळपास सगळ्याच पॉलिसींत असतं. हे प्रश्न एजंटला फोनवर विचारू नका, कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'हो हो, सगळं कव्हर आहे' नंतर कुणाला आठवत नाही. मी स्वतः याच धंद्यात आहे, तरी हे सांगतोय.

दुकानदार म्हणेल, गाडीला इन्शुरन्स आहे. खरं असतं, पण बहुतेक वेळा तो तिथला सक्तीचा विमा असतो. त्यात जखमी माणसाला चूक कुणाची हे न बघता उपचारासाठी 30,000 बाटपर्यंत मिळतात. चूक दुसऱ्याची ठरली तर मर्यादा 80,000 बाटपर्यंत जाते. हाडाचं ऑपरेशन आणि खासगी दवाखान्यातले चार दिवस यात बसत नाहीत. आणि स्कूटरचं नुकसान किंवा तुम्ही ज्या कारला धडकलात तिचं नुकसान त्यात अजिबात येत नाही, ते तुमच्या खिशातून.

दुकानातली पहिली मागणी पासपोर्टची असते. देऊ नका. आपल्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, ती गहाण टाकायची वस्तू नव्हे. आणि व्यवहारात बघितलं तर पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये गेला की गाडी परत करताना तो म्हणेल तो ओरखडा तुमचा आणि तो म्हणेल ती किंमत तुमची. तुमचं विमान दुसऱ्या दिवशी असतं, तो निवांत असतो. क्राबीला मला एका बाईंनी आधी नाही म्हटलं, मग तीन हजार बाट रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर तयार झाल्या. त्यांनी पावती दिली, मी तिचा फोटो काढला. असं दुकान मिळत नसेल तर पुढं चालायला लागा, दुकानांना तोटा नाही.

गाडी ताब्यात घेताना दुकानदाराला समोर उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढा. आरशांच्या कडा, ब्रेकच्या दांड्यांची टोकं, सायलेन्सरचं कव्हर, खालच्या बाजूचं प्लॅस्टिक आणि दोन्ही रिम, ओरखड्याची भांडणं याच जागांवरून होतात. मग टायर बघा, नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर गाडी बदला. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून गाडी ढकलून बघा. लाइट, इंडिकेटर, हॉर्न. हेल्मेट डोक्यात घालून पट्टा लावा आणि मान हलवा. ते फिरत असेल तर दुसरं मागा, आणि दोन मागा. तिथं विनाहेल्मेटचा दंड 2000 बाटपर्यंत जाऊ शकतो, पण खरं कारण दंड नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कुलूप स्वतःचं नेलं तर आणखी चांगलं, कारण दुसऱ्या चावीने गाडी रात्री 'चोरीला' गेल्याचे आणि पूर्ण किमतीची मागणी झाल्याचे प्रकार त्या पट्ट्यात घडलेले आहेत.

आता फुकेतला नको का म्हणतो ते. ते बेट डोंगराळ आहे. पातोंग किनाऱ्यावरून काथूकडे जाणारा जो चढ आहे तो तीव्र आहे, वळणं आवळ आहेत, आणि मधोमध मोठ्या बसगाड्या असतात. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. ऑटोमॅटिक स्कूटरला खालचा गिअर टाकून वेग धरता येत नाही, सगळा भार ब्रेकवर. मागे बायको, पुढे बॅग, आणि माणूस घाबरून ब्रेक दाबूनच ठेवतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागत नाहीत. आपण मराठवाड्यातली पठारावरची माणसं. घाट बघितलेत, पण रोजचं चालवणं सपाटीवरचं. त्यात एनमॅक्स किंवा पीसीएक्स अशी मोठी स्कूटर मिळाली तर ती आपल्या अ‍ॅक्टिव्हापेक्षा वीस-पंचवीस किलोंनी जड असते, थांबताना एका बाजूला कलली की सावरत नाही.

दुसरं म्हणजे पाऊस. आपल्याकडं दिवाळीला आभाळ मोकळं झालेलं असतं, सोयाबीन काढून झालेलं असतं. फुकेतला मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सगळ्यात जास्त पावसाचे महिने, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाही सरी येतात. किनाऱ्याजवळच्या रस्त्यावर वाळू, वरून पाणी, आणि रस्त्यावरचे रंगाचे पट्टे. पुढचा ब्रेक जोरात दाबला की संपलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालात थायलंडचा रस्ते अपघातातील मृत्यूंचा अंदाज लाख लोकसंख्येमागे 32.7 होता, भारताचा 22.6. आणि तिथं मरणाऱ्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश लोक दुचाकी-तीनचाकीवरचे होते. आपले रस्ते वाईट आणि तिकडचे गुळगुळीत म्हणून तिकडं सुरक्षित, हा समज डोक्यातून काढा. गुळगुळीत रस्त्यावर सगळेच जोरात असतात.

तुमच्या पत्नी मागे बसणार, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, ओढणी किंवा स्टोल गाठ मारून आत खोचायचा. आणि उतरायचं डाव्या बाजूने. सायलेन्सर उजवीकडे असतो, बीचवरून हाफ पँटमध्ये येऊन उजवीकडून उतरलं की पोटरीला चटका बसतो. तिथं हा चटका इतका नेहमीचा आहे की औषधाच्या दुकानदाराला काही सांगावं लागत नाही. बाकीची सगळी ट्रिप समुद्रात पाय न घालता काढावी लागते. पूर्ण पँट आणि बूट घालूनच बसा, गरम होतं तरी.

मग फुकेतला फिरायचं कसं? टॅक्सी बोलवायची ग्रॅब आणि बोल्ट ही दोन्ही अ‍ॅप चालतात. एखादा दिवस ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, जुनं शहर, दक्षिणेकडचं टोक असं सगळं एका दिवसात होतं. रोजच्या अडीचशे बाटपेक्षा महाग पडेल, पण दोघांत परवडेल एवढंच.

आणि क्राबीला घेतलीच आणि काही झालं, तर जागा सोडू नका. रुग्णवाहिकेसाठी 1669, पर्यटक पोलिसांसाठी 1155, तिथं इंग्रजीत बोलता येतं. गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. दवाखान्यात भरती होण्याआधी, निदान त्याच दिवशी, विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून केस नंबर घ्या. उशिरा कळवलं या कारणावरूनही दावे अडकतात. पोलिस नोंदीची प्रत मागून घ्या. थाई भाषेतल्या कागदावर, काय लिहिलंय ते कुणी समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. पासपोर्ट अडकला किंवा हरवला तर बँकॉकच्या भारतीय दूतावासाशी बोला. ते वाट दाखवतील, दवाखान्याचं बिल मात्र भरत नाहीत.

लायसनवर काय लिहिलंय ते बघून कमेंटमध्ये कळवा. एलएमव्ही एवढंच असेल तर दुचाकीचा प्रकार वाढवून घ्यायला आधी शिकाऊ लायसन काढावं लागतं, आणि त्यानंतर किमान 30 दिवस थांबून मगच पक्क्या परीक्षेला बसता येतं.