पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेत पर्यावरण कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की एवढ्या लहान पोरांना पुस्तक नसताना पर्यावरण शिकवायचं कसं. परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीला हातात येतं हे खरंय, पण मला विचाराल तर त्याआधी नाही तेच बरंय.

मी माण तालुक्यात झेडपीच्या शाळेवर बाई आहे. सुरुवातीला मी पण सगळे करतात तेच केलं, प्रभातफेरी, घोषणा, वृक्षारोपण. (पर्यावरण दिन ५ जूनला आणि आपल्या शाळा उघडणार १५ च्या पुढं, म्हणजे तो दिवस सुट्टीतच जातो, मग नंतर कधीतरी उरकायचा.) रोपं लावली, फोटो काढले, शेळ्यांनी खाल्ली, पुढच्या जूनला परत त्याच खड्ड्यात नवीन रोपं! पोरांना त्यातलं काय कळलं असेल ते देव जाणे.

मग एकदा शाळा सुटताना बघितलं तर प्रत्येक पोरगं बाटलीतलं उरलेलं पाणी दारातच ओततंय, घरी नेलं तर आई शिळं म्हणून ओतूनच देते ना. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो आणि इथं हे चाललंय. दारात बादली ठेवली, पन्नासेक पोरं आहेत, रोज जवळपास भरते. तेच पाणी परसबागेतल्या वांग्यांना जातं आणि ती वांगी पोषण आहारात. पाण्यावर भाषण मी एकदाही दिलं नाही, आता कुणी बाहेर ओतलं की पोरंच ओरडतात.

दुसरं म्हणजे पुरायचा खेळ. जूनमध्ये शाळेमागं खड्डा काढून केळीची साल, वहीचा कागद, शेंगांची टरफलं आणि वेफर्सचं रिकामं पाकीट पुरलं, खुणेला काठी रोवली. रोज कोणतरी जाऊन उकरायचं, शेवटी वर दगड ठेवावा लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांसमोर उकरलं तर साल गायब, कागदाचा लगदा, आणि पाकीट हापशावर धुतलं तर चकचकीत. एका पोरीनं मोठ्यानं वाचलं, "पाच रुपये". लगेच दुसरा, "बाई, दुकानदार परत घेईल का?" हसून मेले मी. पण मग एकानं विचारलं की पिशवीला बंदी आहे तर पाकिटाला का नाही, आता २०१८ पासून राज्यात पिशव्या बंद आहेत हे मला माहिती, पण याचं उत्तर मला देता आलं नाही, तसं सांगून टाकलं.

ग्लोबल वॉर्मिंग वगैरे या वयात काढूच नका, पोरं नुसती घाबरतात. आणि प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलची पृथ्वी तर मुळीच सांगू नका, ती रात्री जागून आई-बापच बनवतात.

सुरू करणार असाल तर बादलीपासून करा, फक्त झाकण ठेवा नाहीतर डास होतात, आणि शनिवारी सुटताना आठवणीनं पालथी घाला.