‘काल’पासून बेपत्ता : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत सीमाभागातून हरवलेल्या मुलांविषयी इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि गाव ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. का गाळला, ते दुसऱ्या उत्तरात येईलच.

प्रश्न : माझ्या बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा शिकवणीहून घरी आलाच नाही. निपाणी बसस्थानकात त्याला कोल्हापूरच्या गाडीत चढताना कोणीतरी पाहिले होते. रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा “चोवीस तास वाट पाहा, आणि मूल महाराष्ट्रात गेले असेल तर तक्रार तिकडेच द्या,” असे सांगून एका वहीत नाव लिहून घेण्यात आले. माझ्या पुतण्याने बहिणीचा मोबाइल नंबर घालून मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. रात्रभर फोन येत राहिले; एकाने तर आधी पाच हजार रुपये पाठवा, मग पत्ता सांगतो, असे म्हटले. तिसऱ्या दिवशी मुलगा मिरज स्थानकावर सापडला. आज चार महिने झाले, तरी तो फोटो फिरतोच आहे. गेल्या आठवड्यात संकेश्वरजवळ कंडक्टरने “हा तर हरवलेला पोरगा,” म्हणत त्याला आजोबांसकट गाडीतून खाली उतरवले. पोलिसांचे वागणे योग्य होते का? आणि या फोटोचे आता काय करावे?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : चोवीस तासांची ही अट कोणत्याही कायद्यात नाही. ती कोठून आली कोण जाणे, पण ठाण्याच्या बाकावर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला ती कायद्याइतकीच खरी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि तपासात वेगळे काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असेच गृहीत धरायचे. म्हणजे मूल रुसून गेले, मामाकडे गेले, मित्राबरोबर गेले, हे अंदाज पोलिसांनी तपास करताना बांधावेत; नोंद टाळण्यासाठी ते कामाचे नाहीत. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘ललिता कुमारी’ प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीवाचून सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, नोंद बंधनकारक ठरवली, आणि ते प्रकरणही एका बेपत्ता अल्पवयीन मुलीच्या वडिलांनी ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यावरच उभे राहिले होते.

“तिकडे तक्रार द्या,” हे तर आपल्या भागातले नेहमीचे उत्तर. निपाणीहून निघालेले मूल कोगनोळीचा टोल ओलांडून तासाभरात कोल्हापुरात असते. पोलिसांची हद्द मात्र मध्येच संपते. यासाठीच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. यालाच बोलीभाषेत झिरो एफआयआर म्हणतात. तोंडी सांगितलेले लिहून घ्यावे लागते, ते तक्रारदाराला वाचून दाखवावे लागते आणि प्रत विनामूल्य द्यावी लागते. आपल्याकडे एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जातो, म्हणून हे वाचून दाखवणे केवळ उपचार ठरू देऊ नये. शर्टाचा रंग, शेवटचे कुठे पाहिले ते ठिकाण, वेळ, कानामागचा डाग या चार गोष्टी आपल्याला समजेल अशा भाषेत वदवून घ्याव्यात आणि मगच सही करावी. लेखी अर्ज मराठीत देण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० मध्ये आहे, कारण राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. तरीही माझा सल्ला असा की, त्या रात्री भाषेच्या हक्कावरून वाद घालू नये. सोबत कन्नड लिहिता येणारा शेजारी न्यावा आणि हक्काचे पत्र मूल सापडल्यावर लिहावे. ठाण्याने नोंद नाकारलीच, तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

नोंद झाल्यावर काय व्हायला हवे, हे केंद्राच्या २०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांत आहे : अलीकडचा फोटो घेणे, ठरलेल्या पोर्टलवर माहिती भरणे, एफआयआरची प्रत मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला पाठवणे, शोधपत्रके काढणे आणि गरज असेल तेथे वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व स्थानिक केबलवरून प्रसिद्धी देणे. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. थोडक्यात, प्रसिद्धी हे पोलिसांच्याच कामाचे एक अंग आहे. ते त्यांनी वेळेवर केले असते, तर आपल्या पुतण्याला रात्री अकरा वाजता फोटो टाकावा लागला नसता. म्हणून मी त्याला दोष देत नाही, फक्त त्या मजकुरातल्या चुका दाखवतो.

पत्रासोबत पाठवलेला तो मजकूर मी पाहिला. “काल सायंकाळपासून बेपत्ता,” असे त्यात आहे, पण तारीख नाही. व्हॉट्सॲपवरचा हा ‘काल’ कधीच संपत नाही. चार महिन्यांनी वाचणाऱ्या कंडक्टरला तो खरोखरच कालचा वाटला आणि त्याने आपल्या परीने चांगलेच काम केले. तारीख, ठाण्याचे नाव आणि गुन्हा क्रमांक असता, तर त्याने एक फोन करून खात्री केली असती. दुसरी चूक आईच्या मोबाइल नंबरची. संपर्कासाठी पोलीस ठाण्याचा आणि फार तर शांत डोक्याच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर द्यावा, आणि तो फोन घेणाऱ्याने प्रत्येक कॉलची वेळ व नंबर वहीत टिपून ठेवावा. तिसरी चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : मुलाच्या अंगावरची सगळी खूण जाहीर करून टाकली गेली. एक खूण, मग ती गुडघ्यावरचा व्रण असो की करदोट्याला बांधलेला ताईत, फक्त पोलिसांना सांगून बाकीच्यांपासून राखून ठेवावी. “मुलगा माझ्याजवळ आहे,” म्हणणाऱ्याला तीच विचारायची. पाच हजार मागणारा तिथेच गप्प झाला असता.

आता फोटोचे. व्हॉट्सॲपवर गेलेले परत येत नाही, पण त्याचा पाठलाग करता येतो. जुन्याच मजकुराचे चित्र घ्यावे, मुलाचा चेहरा पूर्ण झाकावा, वर ठळक अक्षरांत “सापडला आहे, पुढे पाठवू नये” असे लिहून तारीख घालावी आणि ज्या गटांत पहिला फोटो गेला त्याच गटांत तो पाठवावा. चेहरा झाकायला विसरू नये, नाहीतर त्याची नव्याने ओळख करून दिल्यासारखे होते. ठाण्यालाही लेखी कळवून पोर्टलवरची नोंद बंद झाल्याची खात्री करावी. फेसबुकवरच्या पानांना काढून टाकण्याची विनंती करता येते आणि बहुतेक जण ऐकतात. आणि हो, आजोबांच्या खिशात मुलाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काही महिने असू द्यावी.

प्रश्न : आमच्या शाळेतील चौदा वर्षांची मुलगी पाच दिवस बेपत्ता होती आणि नंतर सुखरूप परत आली. त्या पाच दिवसांत एका यूट्यूब वाहिनीने शाळेची पाटी, मुलीचे घर आणि रडणारी आई दाखवली, आणि “प्रेमप्रकरणाचा संशय” असेही सांगून टाकले. ही माहिती पोलिसांकडूनच मिळाल्याचे प्रतिनिधी म्हणतो. मुलगी आता शाळेत यायला तयार नाही. आईने स्वतः मुलाखत दिली होती; मग वाहिनीची चूक कशी म्हणणार?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : आईच्या संमतीने वाहिनी सुटत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार तपास किंवा चौकशीच्या बातमीत काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, अथवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येत नाही. मुलाच्या हिताचे आहे असे वाटल्यास बालकल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते. पालक किंवा संपादक देऊ शकत नाहीत. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. प्रकरणात लैंगिक अत्याचार असेल, तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ लागते आणि तेथे परवानगीचा अधिकार विशेष न्यायालयाचा. जम्मूतील कठुआ येथे आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली, त्या प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते.

येथे एक पेच आहे, तो मान्य करायला हवा. मूल शोधायचे तर चेहरा दाखवावा लागतो, आणि जपायचे तर झाकावा लागतो. माझ्या मते, फोटो ओळख पटवण्यापुरता असतो आणि मूल सापडले त्या क्षणी त्याचे काम संपते. रडणारी आई किंवा शाळेची पाटी यांतून कोणालाही मूल ओळखता येत नाही, म्हणून ती दृश्ये शोधाच्या नावाखाली पहिल्या दिवशीही खपवून घेऊ नयेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील तीसचाळीस घरांच्या वाडीत तर ‘पिंपळासमोरचे घर’ एवढे म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते.

पोलिसांनी खरोखरच ‘प्रेमप्रकरण’ हा शब्द पुरवला असेल, तर ते अधिक गंभीर. चौदा वर्षांच्या मुलीबाबत हा शब्द वापरणे म्हणजे गुन्ह्याचा बळी आणि गुन्हेगार यांना एकाच पारड्यात बसवणे होय. पोलिसांनी माध्यमांना काय, किती आणि कोणत्या टप्प्यावर सांगावे, याची नियमावली तयार करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाला दिला होता. शाळेने मुख्याध्यापकांच्या सहीने पोलीस अधीक्षकांना आणि बालकल्याण समितीला पत्र द्यावे, सोबत चित्रफितीचा दुवा आणि दिनांक जोडावा. संशयिताची भाषा कोणती आणि मुलीची कोणती, हा मजकूर त्या पत्रात चुकूनही नको. सीमाभागात अशा बातमीला तो रंग चढायला एक ओळ पुरते, आणि मग मुलगी बाजूला राहून मोर्चेच निघतात.

प्रश्न : पोर्तुगालमध्ये हरवलेल्या ब्रिटिश मुलीच्या पालकांनी पोलिसांचा सल्ला डावलून जगभर प्रसिद्धी केली, असे वाचले. त्याचा उपयोग झाला की तोटा?
— एक पत्रकारितेचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : मॅडलिन मॅककॅन ही जेमतेम चार वर्षांची होत आलेली मुलगी ३ मे २००७ च्या रात्री प्राया द लूझ येथील सुट्टीच्या घरातून नाहीशी झाली. ती अद्याप सापडलेली नाही, म्हणून ‘उपयोग झाला’ असे म्हणता येत नाही. पण प्रसिद्धीमुळेच ती सापडली नाही, असेही म्हणता येत नाही. पोर्तुगालमध्ये तपासाची गुप्तता कायद्याने बंधनकारक होती, त्यामुळे पोलीस अधिकृतपणे जवळजवळ काहीच बोलत नव्हते आणि शेकडो पत्रकारांना रोज काहीतरी छापायचे होते. ती पोकळी निनावी सूत्रांनी भरली. सप्टेंबर २००७ मध्ये पालकांनाच औपचारिकरीत्या संशयित ठरवले गेले आणि जुलै २००८ मध्ये तपास थांबवताना तो दर्जा काढून घेण्यात आला. त्याआधी, मार्च २००८ मध्ये, ‘डेली एक्स्प्रेस’ आणि त्याच्या भावंड वृत्तपत्रांनी पालकांची पहिल्या पानावर माफी मागून साडेपाच लाख पौंड शोधनिधीला दिले. तपासप्रमुखालाही ब्रिटिश पोलिसांवर वृत्तपत्रातून टीका केल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये हटवण्यात आले होते.

आपल्याला घेण्यासारखे त्यात दोन मुद्दे आहेत. पोलिसांनी रोज ठरावीक वेळी एका अधिकाऱ्यामार्फत थोडे पण खरे सांगितले, तर अफवांचे दुकान चालत नाही. दुसरा मुद्दा पहिल्या रात्रीचा : पोलिसांनी ती खोली बंद करण्यापूर्वी तेथे कितीतरी माणसे वावरून गेली होती. आपल्याकडेही मूल हरवले की अख्खी गल्ली घरात शिरते आणि कोणीतरी मायेने त्याचे अंथरूण आवरून ठेवते. दप्तर, वही, चादर, घरातला मोबाइल, यांतले काहीही पोलीस येईपर्यंत हलवू नये.

प्रश्न : “मुले पळवणारी टोळी फिरते आहे,” असा संदेश आला की तो खबरदारी म्हणून पुढे पाठवावा का?
— एक वाचक, अथणी

उत्तर : पाठवू नये. अथणीला लागूनच असलेल्या जत तालुक्यात, लवंगा गावी, सप्टेंबर २०२२ मध्ये विजयपूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. जुलै २०१८ मध्ये बीदर जिल्ह्यातील मुर्की येथे मुलांना चॉकलेट देणाऱ्या पाहुण्यांवर जमाव तुटून पडला आणि एकाचा जीव गेला; त्याच महिन्यात धुळ्याच्या राईनपाड्यात पाच जण मारले गेले. संशय आला तर ११२ या आपत्कालीन किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न : मूल दुसऱ्या राज्यात सापडले, तर पोलीस ते थेट आमच्या हाती देतात का?
— एक पालक, चिक्कोडी

उत्तर : बहुधा नाही, आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. मुलाला चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जवळच्या बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. समिती मुलाशी बोलते आणि नाते पडताळून मगच ताबा देते. जाताना जन्मदाखला, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि एफआयआरची प्रत न्यावी. शक्यतो आई किंवा वडिलांपैकी एकाने स्वतः जावे, कारण मामा किंवा काका गेले तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते.